आवरेज आणि नानांचा बुधवार

मित्रांनो, माझ्या नंबराच्या पाटीवर एमएच एकोणीस आहे, म्हणजे मी जळगावची. रंग पांढरा, दारे पाच, वय अकरा वर्षे, आणि काट्यावर तीन लाख दहा हजार किलोमीटर. सध्या मी माझ्या मालकाच्या अंगणात विकायला उभी आहे. नवीन घरी माझे कोण ऐकणार? म्हणून जाण्याआधी माझी हकीकत तुम्हाला सांगून टाकते.

माझ्या जातीची पहिली गाडी कारखान्यात तयार झाली, तेव्हा तिला एका बंद खोलीत फिरत्या लोखंडी रुळांवर चढवले होते. चाके फिरत होती, पण गाडी जागेवरच होती. समोरून वारा नव्हता, वर ऊन नव्हते, वाटेत खड्डा नव्हता. चालवणाऱ्याखेरीज आत कोणी बसलेले नव्हते. एका लिटर पेट्रोलमध्ये ती किती किलोमीटर जाते हे तिथे मोजले आणि तो आकडा आम्हा सगळ्यांच्या कागदांवर छापला. आपल्याकडे त्याला आवरेज म्हणतात. तो आकडा खोटा नव्हता. पण तो रिकाम्या गाडीचा होता, हे कागदावर कुठेच लिहिलेले नव्हते.

मला घ्यायला हितेंद्र आणि त्याचे वडील उखर्डू नाना आले. नाना एकतीस वर्षे एस.टी. चालवून नुकतेच निवृत्त झाले होते. कोणता ड्रायव्हर एका लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर काढतो, याचा फळा डेपोत लावलेला असे आणि त्यावर नानांचे नाव कितीतरी वर्षे सर्वांत वर होते. उतार दिसला की पाय उचलायचा, ब्रेक मारायची वेळच येऊ द्यायची नाही, अशी त्यांची रीत. हितेंद्र लहानपणापासून हेच ऐकत मोठा झाला होता.

दुकानात माझ्या शेजारी आणखी एक गाडी होती. तिच्या सीट उंच आणि जाड होत्या, आत शिरताना वाकावे लागत नव्हते. नाना तिच्यात बसले आणि त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग ते माझ्याकडे आले. माझी सीट त्यांनी तळहाताने दाबून पाहिली. माझा फोम पातळ, दार बुटके. पण लिटरमागे मी चार किलोमीटर जास्त जात होते. हितेंद्रला ती दुसरी गाडी घ्यावीशी वाटत होती. तिच्यात तुम्हाला बरे वाटले ना, असे त्याने नानांना विचारले.

"बरं वाटाले घरमा खाट शे," नाना म्हणाले. "गाडी आवरेज देखीसन लेतस."

नाना मूळचे दोंडाईच्याजवळच्या खेड्यातले. जळगावात चाळीस वर्षे काढली तरी त्यांची बोली बदलली नव्हती. बरे वाटायला घरी खाट आहे, गाडी आवरेज पाहूनच घेतात, असे त्यांचे म्हणणे. अशी त्यांनीच माझी निवड केली.

पाच-सहा वर्षे सुखाची गेली. मग हितेंद्रची बदली धुळ्याच्या एका माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत झाली. त्याच सुमारास नानांना पक्षाघात झाला आणि त्यांची डावी बाजू लुळी पडली. घरात व्हीलचेअर आली. हितेंद्रने धुळ्यात खोली घेतली असती, तर त्याचा रोजचा त्रास वाचला असता. पण नानांना उचलून बसवणे एकट्या लताबाईंना, म्हणजे त्याच्या आईला, जमण्यासारखे नव्हते. म्हणून तो रोज जाऊन येऊन एकशे नव्वद किलोमीटर अपडाउन करू लागला. हे मी आधीच सांगते, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्याला वाईट मुलगा म्हणाल. तो तसा नव्हता.

नानांची मुलगी रूपाली धुळ्याला देवपुरात राहते. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला माहेरी येणे क्वचितच जमे. नानांना आता एस.टी.ची पायरी चढता येत नव्हती. तेव्हा हितेंद्रने बुधवार ठरवला. दर बुधवारी सकाळी तो नानांना माझ्या पुढच्या सीटवर बसवी, व्हीलचेअर घडी करून डिक्कीत ठेवी, आणि धुळ्याला पोचल्यावर त्यांना रूपालीच्या दारात सोडून कामावर जाई. संध्याकाळी परत घेऊन येई. मागच्या सीटवर रोजचे दोन सोबती असत: धुळ्याच्या शाळेत शिकवणारे अभिमन गुरुजी आणि बँकेतले ज्ञानेश्वर. धुळ्यातला पांझरा नदीचा पूल आला की नाना स्वतःच्या हाताने काच खाली करीत. आठवड्यात त्यांच्या वाट्याला येणारा बाहेरचा वारा तेवढाच.

हितेंद्र विज्ञानाचा पदवीधर. प्रयोगशाळेत तो मातीचे मिलिग्रॅम मोजे, आणि रस्त्यावर मला मोजे. एकदा टाकी काठोकाठ भरायची, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे किलोमीटर पाहायचे आणि डायरीत लिहायचे. एसी बंद ठेवला तर दीड किलोमीटर वाढतात, हे त्याने सहा वेळा तपासून पाहिले आणि एसी बंद केला. टायरमधली हवा वाढवली तर आणखी अर्धा वाढतो, म्हणून ती वाढवली. फुगलेले टायर सहज घरंगळतात, हे खरे आहे. पण मग रस्त्यावरचा खडासुद्धा थेट सीटपर्यंत पोचतो. नाना उजव्या हाताने दारावरची मूठ घट्ट धरून बसू लागले. मुठीवरचा तो जोर मला कळत असे. हितेंद्रच्या डायरीत त्यासाठी रकाना नव्हता.

एका मे महिन्यात अभिमन गुरुजींना राहवले नाही. "हितेंद्रभाऊ, आम्ही काय दोंडाईच्याच्या मिरच्या आहोत का? धुळं येईपर्यंत पार वाळून जातो."

सर्वांत जास्त नाना हसले. रुमालाने मान पुसत म्हणाले, "सुकेल मिरचीलेच भाव ऱ्हास, गुरुजी." म्हणजे वाळलेल्या मिरचीलाच भाव असतो.

त्यानंतर एसीचे नाव कोणी काढले नाही.

पेट्रोल महाग होत गेले तसा हितेंद्रने मला गॅसवर चालवायचे ठरवले. जळगावच्या झिपरू मिस्त्रीने टाकी दाखवली आणि आधीच बजावले, "भाऊ, डिक्की जाईल. नंतर म्हणू नका सांगितलं नाही." हितेंद्रने टेप लावून टाकीची लांबी, गोलाई, वजन सगळे मोजले. व्हीलचेअर कुठे ठेवायची हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. ते नंतर बघू, असे तो स्वतःशीच म्हणाला. मित्रांनो, इतके मोजणारा माणूस त्या एका गोष्टीला 'बघू' म्हणाला.

टाकीने डिक्की भरली, त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी व्हीलचेअर मागच्या सीटवर, दोघांच्या मधे उभी केली. तिचा दांडा ज्ञानेश्वरच्या बरगडीला लागत होता. नाना एरंडोलपर्यंत तीनदा मागे वळले आणि तीनदा त्याची माफी मागितली. दुसऱ्या बुधवारी हितेंद्रने माझ्या टपावर कॅरिअर बसवून व्हीलचेअर वर बांधली. वेग वाढला की समोरची हवा कितीतरी जास्त जोराने अडवते. टपावर असे काही बांधले की इंजिनाला त्या हवेला ढकलतच पुढे जावे लागते. संध्याकाळी धुळ्याच्या पंपावर गॅस भरून हितेंद्रने आकडा लिहिला. एका किलोला पंचवीस किलोमीटर जाणारी मी साडेएकवीसवर आले होते. मग तो डायरी पुढच्या कप्प्यात टाकून पैसे द्यायला गेला.

नानांनी कप्पा उघडला आणि डायरी वाचली. ज्या माणसाचे नाव एकतीस वर्षे आवरेजच्या फळ्यावर होते, त्याला तो आकडा समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्या मंगळवारी रात्री जेवताना नाना म्हणाले की ते उद्या येणार नाहीत, गाडीत त्यांची कंबर दुखते. टायरची हवा कमी करू का, असे हितेंद्रने विचारले. नाना नको म्हणाले. घरीच बरे वाटते, म्हणाले. हितेंद्रने आणखी एकदा आग्रह केला आणि मग 'बरं' म्हटले. लगेच अंगणात येऊन त्याने कॅरिअर सोडून ठेवला. त्या आठवड्यात मी पुन्हा पंचवीसवर गेले. खरे सांगायचे तर हलके झाल्याचे मलाही बरे वाटले. यंत्राला एवढेच कळते.

मी नानांच्या खोलीच्या खिडकीलगत उभी असते, म्हणून पुढचे मला दिसत राहिले. दर बुधवारी नाना पहाटे उठत. उजव्या हाताने सावकाश दाढी करीत. लताबाईंकडून पांढरा शर्ट मागून घेत आणि खाटेच्या कडेला बसून राहत. हितेंद्र घाईघाईने निघे, मी फाटकाबाहेर पडे. संध्याकाळी परत यावे तर शर्ट खुंटीवर आणि नाना भिंतीकडे तोंड करून आडवे. रूपालीचा फोन आला की तिलाही ते कंबरेचेच सांगत. असे अकरा महिने गेले. हळूहळू ते बसेनासे झाले. बुधवारची दाढीही लताबाई करू लागल्या.

शेवटी लताबाईंनीच हे गुपित फोडले. नानांनी त्यांना हितेंद्रला न सांगण्याची शपथ घातली होती, पण एका मंगळवारी हितेंद्र मला पुसत असताना त्या अंगणात आल्या.

"कंबर कधी दुखनीच नही रे त्यास्नी," त्या म्हणाल्या. "दर बुधवारे दाढी करीसन बठेत. तुले दिखनं नही का?"

हितेंद्रच्या हातातले फडके माझ्या बॉनेटवर तसेच राहिले. किती वेळ, ते मी मोजले नाही.

रविवारी तो मला झिपरू मिस्त्रीकडे घेऊन गेला आणि टाकी काढायला सांगितली. लोक बसवायला येतात, काढायला येणारे तुम्हीच पहिले, असे झिपरू म्हणाला. हितेंद्रने टायरमधली हवा कमी केली. गुरुजींना आणि ज्ञानेश्वरला येत्या बुधवारी एस.टी.ने यायची विनंती केली. नानांना उचलून माझ्यात ठेवले तेव्हा ते फार हलके झाल्याचे मला जाणवले. व्हीलचेअर डिक्कीत पूर्वीसारखी बसली.

पण मित्रांनो, बसणे म्हणजे विसावा नाही, ते काम आहे. पाठीचे आणि पोटाचे स्नायू ते काम करत असतात. माणूस बरेच महिने पडून राहिला की ते झिजतात, आणि या वयात सहजासहजी भरून येत नाहीत. पाळधीपर्यंत नाना ताठ होते. एरंडोलनंतर ते डावीकडे कलू लागले. हितेंद्रने दोनदा थांबून उशा लावल्या. माझी अरुंद, पातळ सीट त्यांना धरून ठेवू शकत नव्हती. पारोळ्याच्या अलीकडे त्यांचे ओठ पांढरे पडले.

"हितू," ते म्हणाले, "आते नही जमत. फिराव गाडी."

हितेंद्रने मला एका निंबाखाली उभे केले, सीट पूर्ण मागे पाडली आणि रूपालीला फोन केला. परत फिरू नका, मीच येते, असे ती म्हणाली. सव्वा तासाने ती एस.टी.तून उतरली. हातात डबा होता. सकाळी देवपुरात केलेले भरीत आणि कळण्याची भाकरी. ती मागच्या सीटवर बसली आणि नानांच्या डोक्याशी वाकून एकेक लहान घास त्यांना भरवू लागली. नानांनी चार घास खाल्ले.

तुम्ही मला सांगितले का नाही, असे हितेंद्रने विचारले. नाना माझ्या छताकडे पाहत होते.

"मीच शिकाडं तुले," ते म्हणाले. "एकतीस वरीस डिझेल वाचाडं मी. पन पाशिंजर उतारीसन नही."

एकतीस वर्षे डिझेल वाचवले, पण प्रवासी खाली उतरवून नाही. चार वाजता रूपालीने धुळ्याची एस.टी. धरली आणि मी जळगावकडे वळले. देवपूर नानांना पुन्हा दिसले नाही. वैशाखात ते गेले.

आता हितेंद्रची बदली जळगावला झाली आहे आणि तो मला विकतो आहे. काल जामनेरचे सुकदेव मला पाहायला आले होते. त्यांचे जामनेर-जळगाव अपडाउन असते. बरोबर त्यांची म्हातारी आई होती. सुकदेवांनी आधी विचारले, आवरेज किती देते?

"आधी आजींना बसवून बघा," हितेंद्र म्हणाला.

सुकदेव हसले. "तिला कुठं रोज बसायचंय, भाऊ? वर्षातून दोनदा दवाखाना. तुम्ही आवरेज सांगा."

तेवढ्यात आजींनी माझे पुढचे दार अर्धे उघडले होते. त्यांनी ते ऐकले आणि दार आवाज न करता परत लावले. सुकदेवांचे लक्ष नव्हते. हितेंद्रचे होते.

मित्रांनो, मला वजन कळते, वारा कळतो, चढ-उतार कळतो. याच्यापलीकडचे मला मोजता येत नाही, ते तुम्ही मोजायचे आहे. तुमच्या घरी कधी गाडी घ्यायचे ठरले, तर आकडे जरूर पाहा. इंधन जपून वापरणे चांगलेच आहे. पण ज्याला बसणे सर्वांत जड जाते, त्याला आधी आत बसवून बघा. आणि घरातले कोणी 'मी येत नाही, तुम्ही जा' असे म्हणाले, तर लगेच 'बरं' म्हणू नका. का, ते विचारा. पटले नाही तर पुन्हा विचारा. आणि त्यांना बसता येते आहे, तोवरच न्या.