मंडळाची खोली

गुरुवार उजाडला की सूर्यभानच्या अंगणातल्या निंबाखाली माणसं जमू लागत. कुणी खांद्यावर पंपाचा पाइप घेऊन येई, कुणी फडक्यात बांधलेलं नोझल आणी, तर कुणी नुसतीच तक्रार. मोहरवाडी पाथर्डीच्या वाटेवरची, कोरडवाहू. गावच्या विहिरींवर मिळून अकरा ऑइल इंजिनं. त्यातलं एखादं बिघडलं की बैलगाडीत घालून थेट नगरला न्यावं लागे. तिथं आठ-आठ दिवस नंबर लागत नसे, तोवर इकडे हरभरा उभा वाळून जाई.

सूर्यभानने भिंगारला लष्करी वर्कशॉपात बारा वर्षं फिटर म्हणून काढली होती. वडील वारले, शेताकडे बघायला कुणी उरलं नाही, म्हणून सत्तर साली तो गावी परतला. आल्या महिन्यातच त्याने चार जणांना बोलावून सांगितलं की मी तुमची इंजिनं दुरुस्त करणार नाही, दुरुस्त करायला शिकवीन. आणि जो शिकेल त्याने पुढे दोघांना शिकवायचं. लोक हसले. पण वर्षभरात चाराचे सतरा झाले. नट आवळायचे पाने सगळ्यांचे सामाईक ठरले. शेजारच्या वाड्यांतून माणसं येऊ लागली आणि जो तो त्याला इंजिन मंडळ म्हणू लागला.

मंडळात आणखी एक जण होतं, पण त्याला कुणी मोजत नसे. सूर्यभानची लेक विजयमाला. नुकतंच तेरावं लागलेलं. पाने पुसून हातात द्यायला म्हणून ती येऊन बसे आणि ऐकत राही. एका गुरुवारी पुंजारामचं इंजिन चालू होई आणि लगेच बसे. पुंजाराम हा सूर्यभानचा लहानपणापासूनचा सोबती. सगळ्यांनी आपापलं डोकं चालवून पाहिलं. शेवटी विजयमाला हळूच म्हणाली, "पुंजाकाका, तेलाच्या नळीत हवा धरलीय. नट ढिला करून हवा जाऊ द्या."

तसं केलं आणि इंजिन धडधडू लागलं. त्या दिवशी सूर्यभान दोन भाकऱ्या जास्त जेवला.

पुंजारामचं इंजिन दुरुस्त होत होतं तेव्हा गावचे सरपंच आप्पासाहेब कुंपणाशी उभे राहून हे पाहत होते. त्यांनी मंडळाचं मनापासून कौतुक केलं. पाने उघड्यावर गंजतात, पावसाळ्यात बसायला जागा नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. सडकेकडेची आपली पक्की वखार रिकामीच आहे, ती मंडळाला देऊ, राहुरीच्या विद्यापीठातून जाणती माणसं शिकवायला आणू, असं ते म्हणाले. आठ दिवसांनी ते पुन्हा आले. पिंपळदऱ्याला दिलेल्या त्यांच्या बहिणीचा श्रीमंत नावाचा मुलगा, बावीस वर्षांचा, लग्नाचा होता. त्याच्यासाठी त्यांनी विजयमालेला मागणी घातली. वखारीचं नाव त्या दिवशी त्यांनी काढलं नाही. काढायची गरजही नव्हती.

सूर्यभानची आई कडूबाई हरखून गेली. पोर शहाणी व्हायच्या, वयात यायच्या आधी उजवली की आईबापाचा घोर मिटतो, असं ती सासरी आल्यापासून ऐकत आली होती. तिचं स्वतःचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं. रतनबाई, विजयमालेची आई, चुलीपुढे होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"निजताना अजून माझा हात लागतो तिला," एवढंच ती म्हणाली.

सूर्यभानला कायदा ठाऊक होता. पंधराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, हे त्याने भिंगारला असताना वाचलं होतं. पण आप्पासाहेबांना नाही म्हटलं तर मंडळ कुठे बसणार, हाही विचार त्याच्या डोक्यातून जाईना. मुलगी शहाणी होईपर्यंत माहेरीच राहील, असा शब्द आप्पासाहेबांनी दिला. त्या शब्दाचा आधार घेऊन त्याने स्वतःची समजूत घातली. बहात्तरच्या वैशाखात लग्न लागलं. त्याच आठवड्यात वखारीची किल्ली मंडळाच्या हाती आली.

त्या वर्षी पाऊस आला नाही. विहिरींचे तळ दिसू लागले, माणसं खडी फोडायच्या कामांवर गेली. दसरा झाला आणि पिंपळदऱ्याहून निरोप आला, की घरात माणूस कमी आहे, सुनेला पाठवा. सून इंजिनाची जाणकार आहे, हेही त्यांच्या कानावर गेलं होतं. आप्पासाहेबांना त्यांच्या शब्दाची आठवण द्यायला सूर्यभान दोनदा त्यांच्या घरच्या वाटेला लागला आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून फिरला. विजयमाला गेली.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी वखारीत पाच गावांची तीसेक माणसं बसली होती. इतकी माणसं मंडळात कधीच जमली नव्हती. सूर्यभान पंप खोलून दाखवत होता, तेवढ्यात पिंपळदऱ्याचा एक माणूस सायकलवरून आला. दारातच उभा राहिला, आत येईना. त्याचा चेहरा पाहून सूर्यभानच्या हातातला पाना तसाच राहिला.

सूर्यभान पिंपळदऱ्याला पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. काय झालं ते सासरच्या गड्याने सांगितलं. विहिरीत पाणी हातभरच साठे, म्हणून दिवसातून तासभर इंजिन चालवत. त्या सकाळी ते नीट ओढत नव्हतं. गड्याने हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, आणि विजयमाला नळी कुठे गळते ते पाहायला वाकली. तेवढ्यात सासरे काकासाहेब दोन पाहुण्यांना घेऊन बांधावर आले. सासऱ्यापुढे उघड्या डोक्याने उभं राहणं म्हणजे केवढा तरी गुन्हा. तिने झटकन पदर डोक्यावर ओढला आणि त्याचं टोक इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात गेलं.

सैल कापडाने पट्ट्याजवळ जायचं नाही, हा मंडळातला पहिला धडा. घरी ती परकर खोचून, वेणी बांधून येई. तिला तो धडा पाठ होता. पण तिच्या अंगावर आता नऊवार लुगडं होतं आणि पुढे सासरा होता.

काकासाहेबही रडत होते. इंजिनाने पोर खाल्ली, असं जो तो म्हणत होता. कडूबाईने तर नशिबाला बोल लावला. इंजिनाचा दोष नाही, हे सूर्यभानइतकं कुणाला कळणार होतं? रतनबाईने मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं. भाकरी पुढे सरकवी आणि निघून जाई.

तेराव्यानंतरच्या गुरुवारी सूर्यभानने वखारीची किल्ली आप्पासाहेबांच्या ओसरीवर नेऊन ठेवली आणि मंडळ पुन्हा निंबाखाली बोलावलं. उभा राहून तो म्हणाला, "मी माझी पोर त्या वखारीच्या खोलीपायी दिली. आप्पांनी मागितली, पन दिली मी. आता जो आपली पोर लहानपनी उजवंल, त्याला ह्या मंडळात जागा न्हाई. पैला गुन्हेगार मी हाय. तुमी म्हनाल तर मीच जातो."

कुणी म्हणालं, इंजिनाच्या मंडळात लग्नाच्या गोष्टी कशाला? कुणाला आप्पासाहेबांची भीती वाटली. एकेक जण उठत गेला. सहा जण उरले. त्यांत पुंजाराम होता, मान खाली घालून बसलेला. त्याच्या बारा वर्षांच्या मुक्ताचं लग्न येत्या अखितीच्या मुहूर्तावर ठरलं होतं.

"मोडलं तर पुना तिला कोन करंल, सूर्यभान?" त्याने विचारलं.

"ते मला न्हाई सांगता यायचं. माझीला ह्या महिन्यात चौदावं लागलं असतं."

पुंजारामने मान वर केली. मग म्हणाला, "उद्या माज्यासंगं चल. सोयऱ्याला मला एकट्याला सांगता यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता दोघं निघाले. वाट चार कोसांची होती. पुंजाराम अंगणात येऊन थांबला, तशी रतनबाई बाहेर आली. तिने फडक्यात चार भाकऱ्या आणि चटणी बांधली होती. सूर्यभान जवळच उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. भाकऱ्या पुंजारामच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "भाऊजी, तिथं जाऊन गप बसू नका. आमी गप बसलो हुतो."

मग ती आत गेली. सूर्यभानने चपला घातल्या आणि तो पुंजारामच्या मागून चालू लागला.