शिष्यवही

आषाढी पौर्णिमेच्या सकाळी सुलोचनेने नवऱ्याचा पांढरा सदरा इस्त्री करून पुन्हा एकदा झटकला. कितीही धुतला तरी त्याच्या शिवणींतून गुलाबी भुकटी गळायचीच. प्रताप नगरातल्या त्या दोन खोल्यांत ती सर्वत्र होती, उशीच्या अभ्र्यावर, पिठाच्या डब्याच्या झाकणावर, तथागतांच्या तसबिरीमागेही.

भगवान मूळचा अकोल्याकडचा. वडील शामराव रेल्वेत खलाशी; त्यांच्या बदलीबरोबर कुटुंब जयपूरला आले आणि इथलेच झाले. मुलाला रेल्वे लाभली नाही, परंतु हात लाभला. कानोत्याच्या वाटेवरील राघवगुरुजींच्या मूर्तिशाळेत तो वालुकाश्मातून बुद्धमूर्ती घडवीत असे. त्या शाळेत कोणासही कामगार म्हणत नसत, सारे शिष्य. हाती पडे तो पगार नव्हे, प्रसाद. आणि दरवर्षी या तिथीला प्रत्येक शिष्य लाल कापडात बांधलेल्या वहीत लिही, 'मी स्वेच्छेने गुरुचरणी सेवा करतो,' आणि खाली सही करी.

"बुद्धानं पहिला उपदेश याच दिवशी देल्ला," भगवान सदरा घालत म्हणाला, "अन् याच दिवशी मी गुरुजीच्या वहीत नाव लिवतो. एकोणीस वर्षं झाले. असं भाग्य कोनाचं असते?"

"भाग्यवान मानसानं आंधी काढा प्या. जिना उतरेस्तोवर तीनदा बसता. गुरुजीले म्हना ना, यंत्रावर पानी सोडू द्या, धूळ तरी बसन."

"पान्यानं गेरूच्या खुना पुसते. अन् तोंडाले फडकं बांधून मूर्तीसमोर बसनं त्याहीले चालत नाही. अनादर होते."

"फडकं तुमच्या तोंडाले, अन् श्वास मूर्तीचा कोंडते काय?"

तो हसला. हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेपर्यंत काढा निवून गेला.

दिवाळीपूर्वी डॉक्टरांनी निदान सांगितले. दगडाची धूळ साचून फुफ्फुसेच दगडासारखी होत चालली होती, औषध नव्हते. घरी प्राणवायूचे यंत्र असले तर निदान उरलेले श्वास सुसह्य होतील, एवढेच. ते यंत्र घेण्याची या घराची ऐपत नव्हती. गोपालपुऱ्यात एका कोचिंगच्या कार्यालयात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, रूपालीने, वडिलांच्या नावे नुकसानभरपाईचा दावा लावला.

"बाबा, मतलब कायदाच आहे. कामामुळे आजार झाला तर मालकाने भरपाई द्यायची. विचारलं तर एवढंच सांगा, राघवजी मालक, मी मजूर."

भगवानने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे कोणालाच कळले नाही.

सुनावणीच्या दिवशी कामगार कार्यालयात गुरुजी शुभ्र वस्त्रांत आले. त्यांना पाहताच भगवान भिंतीच्या आधाराने उठला आणि सवयीप्रमाणे वाकून त्यांच्या पायांवर हात ठेवता झाला. अधिकाऱ्यांसमक्ष गुरुजींनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. मग लाल कापड सोडले.

"ये दस्तखत आपके हैं?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"जी."

"किसी ने ज़बरदस्ती करवाए?"

"बता बेटा," गुरुजी वात्सल्याने म्हणाले. "तूने आज तक मेरे सामने झूठ नहीं बोला."

मागून सुलोचना कुजबुजली, "मजूर म्हना ना जी. एकच शब्द."

भगवान वहीतल्या आपल्या वळणदार अक्षरांकडे पाहत राहिला.

"अपने मन से लिखा, साहब. ये मेरे गुरु हैं. गुरु को मालिक कैसे कहूँ?"

लेखणी कागदावरून फिरली. मालक-कामगार संबंध सिद्ध होत नाही, दावा नामंजूर. गुरू या शब्दाइतके पवित्र शब्द आपल्यापाशी फार थोडे आहेत. म्हणूनच त्याच्या आड लपणे इतके सोपे जाते.

"एक शब्द जड झाला तुमाले?" बाहेर येताच सुलोचनेने विचारले.

"मी मजूर म्हनलो असतो, तर मंग इतकी वर्षं त्याहीच्या पायाशी बसलो, थो कोन होता?"

तिच्यापाशी उत्तर होते; पण ते ऐकण्याइतका श्वास त्याच्यापाशी नव्हता. जिना उतरताना गुरुजी आपल्या वकिलाला म्हणत होते, "ऐसे दो-चार चेले और हों, तो आपकी ज़रूरत ही न पड़े." दोघेही हसले.

यंत्र आले नाही. आडवे होताच जीव घुसमटे, म्हणून भगवान अखेरचे दोन महिने बसूनच झोपला, आणि चैत्रातल्या एका दुपारी बसल्या बसल्याच गेला. तिसऱ्या दिवशी गुरुजींची शाल आली. शाल आणणाऱ्याने निरोपही आणला होता: एका मूर्तीचे ओठ तेवढे राहिले आहेत, भगवानची बारीक छिन्नी पाठवून द्यावी. सुलोचनेने शाल परत दिली आणि छिन्नी ठेवून घेतली.

पुन्हा आषाढी पौर्णिमा आली. मूर्तिशाळेत आठ शिष्य रांगेत उभे होते. सर्वांत पुढे नीरज. भगवानच्या शेजारी बसणारा, आता भगवानसारखाच खोकणारा. त्याने लेखणी उचलली, तोच सुलोचना आत आली आणि तिने उघड्या पानावर क्ष-किरणांची काळी फिल्म ठेवली. तिच्यात पांढरे ठिपके विखुरले होते.

"नीरजभैया, ये तुम्हारे भगवानदादा की छाती है. सही करनी है, तो इसके ऊपर करो."

"बहनजी," गुरुजी शांतपणे म्हणाले, "आज का दिन पवित्र है."

"इसीलिए तो आई हूँ."

नीरजने त्या ठिपक्यांवरून बोट फिरवले. मग त्याने फिल्म हलकेच बाजूला केली, पानावर आपले नाव लिहिले आणि त्यापुढे लिहिले, 'मजदूर'.

गुरुजींनी ते पान फाडले, चुरगाळले, भिरकावले. "कल से मत आना." त्यांचा आवाज चढलाही नाही. मागचे सातही जण खाली मान घालून नव्या पानाकडे सरकले.

सुलोचनेने खाली पडलेला बोळा उचलला, गुडघ्यावर ठेवून तळहाताने सारखा केला आणि फिल्मच्या पाकिटात घातला.

पुढच्या सोमवारी त्याच कामगार कार्यालयाच्या जिन्यावर ती प्रत्येक पायरीला थांबत होती. ती दमली नव्हती. मागून नीरज येत होता.