ट्रान्सफॉर्मर आणि ऐंशी चाकं चीज

दरडीनं आल्प्समधल्या आमच्या गावचा रस्ता नेला, शिवाय ट्रान्सफॉर्मरही गाडला. तीन आठवडे वीज नाही. नवा ट्रान्सफॉर्मर अडीच टनांचा, आणि तेवढं ओझं उचलणारं हेलिकॉप्टर महिनाभर मोकळं नव्हतं. शेवटी खालच्या मोठ्या सरोवराकाठून निरोप आला, एअरशिपनं आणतो.

"फुगा येतोय म्हणे," काश्पर म्हणाला. "वाढदिवस कुणाचा आहे?"

काश्पर म्हणजे आमच्या चीज डेअरीचा मालक. मी, नोटबुर्गा, त्याच्याकडे अकरा वर्षं कामाला.

सकाळी दहाला जहाज दरीत शिरलं. शंभर मीटर लांब, पण आवाज शिवणयंत्राएवढा. कुरणातल्या गाईंनी मानसुद्धा वर केली नाही. चर्चमागच्या मैदानावर येऊन ते हवेत जागच्या जागी थांबलं आणि दोरावरून ट्रान्सफॉर्मर इतका अलगद उतरला, की गवतावर कधी टेकला तेच कळलं नाही. काश्परचं तोंड उघडंच राहिलं.

"हूक काढू नका!" वॉकीटॉकीवर वैमानिक रोस्विथाबाईंचा आवाज आला. "ओझं सुटलं तर आम्ही थेट ढगात. आधी तेवढ्याच वजनाचं पाणी द्या."

पाणी अग्निशमन दलाचा वेंडेलिन देणार होता. पण ओढ्यात दरडीचा गाळ. पंप तुंबला. वेंडेलिननं तो दोनदा उघडला, धुतला, शिव्या घातल्या. इकडे वारा वाढू लागला.

"अजून अर्धा तास थांबते," बाई म्हणाल्या. "मग हा डबा परत न्यावा लागेल."

काश्परनं वेंडेलिनच्या हातातला वॉकीटॉकी हिसकावला. "बाई, पाणीच हवं की वजन हवं?"

"वजन."

"मग रस्ता गेल्यापासून माझ्या तळघरात तीस-तीस किलोची चाकं पडून आहेत."

"चीज?"

"दगडसुद्धा देतो, पण खाली शहरात ते विकत घेणार कोण?"

बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी दुसऱ्या दोरानं पिंजरा खाली सोडला.

अख्खं गाव रांगेत उभं राहिलं. पाद्रीबाबांनी बाह्या सरसावल्या. चाकं हातोहात पिंजऱ्यात गेली. ऐंशी भरली आणि तळघर संपलं.

"अजून शंभर किलो," वरून आवाज आला.

सगळे काश्परकडे बघू लागले.

"मालक," मी म्हटलं, "एवढे तर तुम्ही एकटेच भराल."

"गप्प बस, नोटबुर्गा!" तो खेकसला. आयुष्यात तो विमानातही बसला नव्हता. तरी त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली, टोपी घट्ट केली आणि चीजवर जाऊन बसला.

पिंजरा वर जहाजाच्या पोटात गेला. ट्रान्सफॉर्मरचा हूक सुटला. जहाज वीतभरही उसळलं नाही. नाक सावकाश वळवून सरोवराकडे निघालं. संध्याकाळी डेअरीत दिवे लागले.

तिसऱ्या दिवशी काश्पर खिंडीतून चालत परतला. मी सूप वाढलं. त्यानं चमचा बाजूला ठेवला.

"खिडकी उघडता येते गं तिथे," तो म्हणाला. "आल्प्सवर, उघड्या खिडकीत हात टेकून बसलो होतो. खालच्या गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या."