चिझुरूच्या गाडीची हिवाळी चाकं

उत्तर जपानातल्या आमच्या नायोरोत ऑक्टोबरात कापसाच्या कणांसारखे पांढरे बर्फकिडे हवेत तरंगायला लागले, की दोनेक आठवड्यांत बर्फ पडतो. त्या वर्षी ते दिसले त्याच दिवशी तेइजिरो कुमागाई लेकीच्या गाडीला हिवाळी चाकं बसवायला तिला घेऊन हिसाएबाईंच्या टायरच्या दुकानात गेले. तेइजिरोंनी छत्तीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवलेलं. दर हिवाळ्यात रस्त्याकडेच्या चरात घसरलेल्या गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. लेक चिझुरू घरोघर जाऊन आजाऱ्यांची देखभाल करणारी नर्स. बारा वर्षांनी टोकियोहून गाडी घेऊन परतली होती. गाडीला अठरा इंची, रुंद, चकचकीत चाकं. बर्फावर मात्र तिने कधी गाडी हाकलीच नव्हती.

तेइजिरोंनी आपल्या जुन्या गाडीची पंधरा इंची हिवाळी चाकं सोबत आणली होती. "हीच बसवा, हिसाएबाई. अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो. रुंद टायर नुसता वर तरंगतो."

"बाबा, काडीसारख्या पायांची म्हातारी दिसेल गाडी!"

"तुला रोग्यांकडे जायचंय की मिरवायला?"

हिसाएबाईंनी बापलेकीला भांडू दिलं. जॅक लावला, पुढचं चाक काढलं, जुनं बसवून हाताने फिरवायला गेल्या. खर्रकन आवाज झाला आणि चाक अडकलं.

"मी मोजलं होतं," तेइजिरो हळूच म्हणाले. "बोल्टांची भोकं जुळतात."

"भोकं जुळतात हो भाऊ, पण आत ब्रेकला जागा नको? रिम घासतोय बघा. शिवाय टायर धरून हे चाक अडीच सेंटिमीटर ठेंगणं. वेगाचा काटा पन्नास दाखवेल, गाडी जाईल अठ्ठेचाळीसने."

सकाळी तेइजिरो गार पाण्यात ब्रश घेऊन ही चारही चाकं घासत होते, तेव्हा चिझुरूने त्यांना खिडकीतून पाहिलं होतं. त्यांची बोटं लालभडक झाली होती.

"काकू," ती म्हणाली, "बाबा म्हणतात तसा अरुंदच द्या. पण बसेल असा."

"मग सोळा इंची रिम घे. टायर दोनशे पाच मिलिमीटर रुंदीचा. रिम लहान, पण टायरची भिंत उंच, म्हणून चाकाची उंची जवळपास आहे तेवढीच राहते. खड्डेही कमी जाणवतील."

नवं चाक चढलं आणि बिनआवाज फिरलं. तेइजिरोंनी खाली वाकून रिम आणि ब्रेकच्या फटीत बोट घालून पाहिलं.

"जातंय," ते म्हणाले. "दिसायलाही बरं आहे की गं."

"आता बोलताय!"

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी पहिला जाड बर्फ साचला. चिझुरूने स्वतःच वडिलांना गाडीत बसवलं आणि नदीकाठच्या मोकळ्या मैदानात नेलं. स्टिअरिंगवरचे तिचे हात ताठले होते.

"तीसला ने. आता ब्रेक दाब."

तिने पाय नुसता टेकवला.

"अगं, जोरात म्हणजे जोरात! इथे धडकायला आहे कोण?"

तिने दाबला. पायाखाली ब्रेक थरथरला, गाडी थोडी घसरली आणि सरळ रेषेत थांबली. चिझुरूने रोखलेला श्वास सोडला.

"हं," तेइजिरो पट्टा सैल करत म्हणाले. "आता हेच वळणावर."