इराच्या टाचा

२००९ साली अबुधाबीत आमची इरा तीन वर्षांची होती आणि घरात चवड्यांवर चालायची. टाच म्हणून जमिनीला लागायची नाही.

मंदीत माझ्या नवऱ्याचा, सूर्यकांतचा, पगार कापला गेला, म्हणून आम्ही एक खोली जहूरभाईंना भाड्याने दिली होती. ते मॉलमध्ये रात्रपाळीला एसीचं काम करायचे आणि दिवसभर झोपायचे. अगदी देवमाणूस. सकाळी येताना गरम खुबूस, तिकडची अरबी रोटी, आणायचे. तो वास आता पुण्यात कुठून आणू?

सासूबाई फोनवर म्हणायच्या, "तेल लाव." शेजारची शोभना म्हणायची, "स्नायूंचा आजार असू शकतो हं." ही बाई धीर द्यायला यायची आणि होता तोही घेऊन जायची! पोर पुढे चालेल की नाही, या भीतीने मी अर्धी झाले होते.

शेवटी डॉ. विजयकुमारांकडे गेलो. त्यांनी इराला जमिनीवर बसवून उठायला लावलं, पोटऱ्या दाबल्या, घोटे वाकवून पाहिले. मग तिच्या सँडल उलट्या केल्या. टाचा झिजलेल्या होत्या.

"ये बाहर तो ठीक चलती है," ते म्हणाले.

त्यांनी तिला कॉरिडॉरमध्ये चेंडूमागे सोडलं. माझी पोर टाचा आपटत पळाली! बाहेरच्या गडबडीत माझं कधी तिच्या पायांकडे लक्षच गेलं नव्हतं. आत आली, दार लागलं, आणि पुन्हा चवडे.

"व्हाय सो क्वाएट, इरा?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने ओठांवर बोट ठेवलं. "अंकल इज स्लीपिंग."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. 'पाय वाजवू नकोस, काका झोपलेत' हे वर्षभर मीच तिच्या कानीकपाळी ओरडत होते. वर 'किती शहाणी पोर' म्हणून मिरवतही होते.

घरी येऊन मी जहूरभाईंना सगळं सांगितलं आणि दुसरी खोली बघाल का, असंही चाचरत विचारलं.

"भाभी, मेरी बेटी भी तीन साल की है. उसको चलते हुए मैंने देखा ही नहीं, फोन पे सुना बस. इसको बोलो जोर से चले. मुझे नींद अच्छी आएगी."

दुसऱ्या दिवशी दुपारी इरा त्यांच्या दारावरून चवड्यांवर निघाली. आतून हाक आली, "इरा, आवाज नहीं आ रहा!"

ती थबकली, माझ्याकडे पाहू लागली. मी मान डोलावली. तिने आधी एक टाच टेकवली, मग दुसरी.