तुवालूचा मान

शिवप्रियाला मैथिलीचा हेवा वाटायला मोठं कारण लागत नसे. बोलताना मैथिली हात कशी हलवते, एवढंही पुरायचं. लोहाऱ्याच्या कॉलेजात दोघी एकाच वर्गात. पण मैथिली तुळजापूरच्या वकिलांची लेक, आणि शिवप्रिया लेकराला सासूच्या मांडीवर ठेवून, लग्नात अर्धं राहिलेलं बी.ए. पुरं करणारी.

कॉलेजात जगाची सभा भरवायची ठरली. एकेकानं एकेक देश व्हायचं. चिठ्ठ्या उचलल्या, तर मैथिलीला भारत आला आणि शिवप्रियाला तुवालू. नकाशावर बोट ठेवलं की झाकून जाणारी बेटं. नदी नाही, डोंगर नाही. पावसाचं पाणी टाक्यांत धरायचं आणि समुद्र वर येताना बघत बसायचं. हिला अख्खा भारत, आणि मला बुडणारं गाव, शिवप्रिया मनात धुमसली. तरी लेकराला पाजता पाजता तिनं मोबाईलवर तुवालूचं मिळेल ते वाचलं. टाकीचा तळ दिसला की जीव कसा होतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. वाचता वाचता ते गाव तिचंच होऊन बसलं.

भारताचा ठराव होता की मोठ्या देशांनी लहान बेटांना बंधारे आणि पाण्याच्या टाक्या बांधून द्याव्यात. सरांनी नियम केला: ठराव एकमतानं झाला तर मांडणारी पुढच्या फेरीला संभाजीनगरला जाईल. एक जरी हात खाली राहिला, तर सगळ्यांची भाषणं ऐकून नव्यानं निवड होईल.

मैथिलीनं वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला, सर्वांनी पाठिंबा द्यावा म्हणून. अमेरिकेला आणि चीनला मात्र ती कँटीनमध्ये स्वतः जाऊन भेटली. तुवालूकडं फिरकली नाही.

शिवप्रियाला आयतंच सापडलं. संध्याकाळी भाकरी थापताना तिनं सासूला, इरम्मांना, सगळं सांगितलं. असं बोलावणं असतं का, म्हणाली; मी हात वर करणार नाही.

इरम्मा लेकराला थोपटत ऐकत होत्या. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. भाच्याच्या लग्नाचं बोलावणं त्यांना फोनवर आलं होतं. दारात येऊन कुणी अक्षता दिल्याशिवाय जायचं नाही, ही घरची रीत. तरी त्या नवं लुगडं नेसून, पिशवी भरून ओट्यावर बसल्या होत्या. वाटलं, कुणीतरी येईल. शेवटची एसटी गेली तरी पिशवी मांडीवरच होती.

"मग मान राहिला का, आत्याबाई?"

"ऱ्हायला की. पोराच्या डोस्क्यावर अक्षता टाकायच्या तेवढ्या ऱ्हायल्या."

सभेच्या दिवशी मैथिली इरकल नेसून आली. पदर असा चापून बसवलेला की शिवप्रियाला लांबूनच ठसका लागावा. ठराव वाचला गेला, हात वर झाले. एकच हात खाली राहिला, आणि सगळा वर्ग त्या हाताकडं वळला. मैथिलीचा चेहरा उतरला. शिवप्रियाला ते लई गोड लागलं. बुडू दे सगळं, तिला वाटलं, तुवालूसकट.

तुवालूसकट. तिला इरम्मांच्या मांडीवरची भरलेली पिशवी दिसली. ती उठून उभी राहिली.

"टाक्या आमच्या, बंधारे आमचे, पण आमाला विचारलं कुणी? आमी लहान हाओत, पण बुडतंय ते घर आमचं हाय. देणाऱ्यानं आधी दारात येऊन विचारावं, मग द्यावं. तरच त्यात मैत्री ऱ्हाते. एवढं ठरावात लिहा, मी हात वर करते."

मैथिली लाल झाली. जागेवरूनच काहीतरी लिहायला लागली, थांबली, आणि बाकांमधून चालत शिवप्रियाच्या बाकाशी आली. चुकलं माझं, असं हळूच म्हणाली, आणि कागद पुढं करून विचारलं, "हे असं चालेल?"

शिवप्रियानं हात वर केला. टाळ्या पडल्या, त्या मैथिलीला. भारतानं छान सांभाळून घेतलं, असं सर म्हणाले, तेव्हा शिवप्रियाच्या पोटात मिरचीची फोडणी बसली.

जिन्यात मैथिलीनं तिला गाठलं.

"संभाजीनगरला तुझं ते दारातलं वाक्य बोलू का मी?"

नाही म्हणायला जीभ शिवशिवत होती. पण मैथिली विचारायला आली होती.

"बोल. पण तुवालू म्हणालं होतं, असं सांग."

सांगते की, म्हणत मैथिलीनं हात हलवले. छानच हलवले.