पाटीसाठी खणलेला खड्डा

वहिनींचं डोकं सकाळपासून सणकलेलं. रान राखायला लागून नऊ वर्षं झाली, पण झाडावर खुनाचा आळ आलेला त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

झालं असं, की रोज रानात फिरायला येणाऱ्या काकूंचा कुत्रा परवा कळलावीच्या ताटव्यात काहीतरी चघळून आला. दिवसभर ओकला आणि काल गेला. आज साहेबांचा फोन. कुत्र्याने उभं झाड खाल्लं असा पंचनामा लिहा, सही करा, दुपारच्या आत ताटवा मुळासकट उपटून टाका. आणि उपटायला पाठवला कोण? वहिनींचा सख्खा दीर! रानातली सटरफटर कामं तोच घ्यायचा.

भावजी कुदळ खांद्यावर टाकून शिट्टी वाजवत हजर.

"करा सही वहिनी, अर्ध्या तासात उडवतो."

"आधी ती शिट्टी बंद करा. मयताला आलात का वरातीला?"

वहिनी ताटव्यात शिरल्या. पानांची टोकं शेजारच्या झुडपांना वेटोळी घालून वर चढलेली. फुलं बुडाशी पिवळी, वर लालभडक, पेटल्यासारखी. एका पानावर ठिपक्याठिपक्यांच्या काळ्या अळ्या मजेत चरत होत्या. विष खाऊन वाढणारी जात. म्हणून पाखरंही त्यांच्या वाटेला जात नाहीत. या रानात त्या दुसऱ्या कुठल्या पानावर वहिनींना कधी दिसल्या नव्हत्या. ताटवा गेला की यांचाही कारभार आटोपला.

पण सगळ्यात जास्त जहर असतं कंदात, आणि कंद जमिनीत वीतभर खाली. कुत्र्याचं तोंड तिथे पोचलं कसं?

चार पावलांवर उत्तर उभं होतं. लोखंडी खांबावर कोरी करकरीत पाटी: 'विषारी झाड. हात लावू नये.' खांबाच्या बुडाशी सिमेंट, बाजूला उपसलेली माती आणि मातीत बोटाएवढे, कुदळीने तुटलेले पाच-सहा कंद. एकावर दातांच्या खुणा.

वहिनींची कानशिलं तापली.

"भावजी, ही पाटी कधी लावलीत?"

"तीन दिवस झाले. का हो? सरळ उभी आहे की!"

"अख्खं रान मोकळं पडलंय, तुम्हाला खड्डा खणायला नेमका ताटवाच सापडला?"

"पाटी झाडापाशीच लावायची ना! लांब लावली असती तर साहेबच ओरडले असते."

"आणि हे कंद?"

भावजींनी बघितलं. चेहरा उतरला. "मला वाटलं, मुळ्या आहेत कसल्यातरी."

"पाटी तुम्हीच लावलीत ना हो? वाचता येतं ना?"

"वहिनी, हळू बोला. घरातली गोष्ट घरात राहू दे. तुमची एक सही..."

"ती सही केली की कुत्रा झाडाने मारला, असं होतं. झाड चालत गेलं होतं का त्याच्याकडे? जमिनीत गप पडलं होतं बिचारं, कुणाच्या अध्यात ना मध्यात!"

तेवढ्यात काकू आल्या. डोळे सुजलेले, हातात पट्टा तसाच. "अजून उपटलं नाहीत? मीच उपटते, द्या इकडे."

भावजींनी वहिनींकडे बघितलं. नजरेत नुसती विनवणी.

वहिनींनी दातांच्या खुणांचा कंद मोजा घालून उचलला आणि काकूंसमोर धरला. "काकू, हा जमिनीखाली होता. आमच्या माणसाने खणून वर टाकला. हे माझे दीर. मीही तीन दिवस इकडे फिरकले नाही, तेही लिहिणार आहे."

काकू कंदाकडे बघत राहिल्या. मग भावजींकडे. "शेपटी हलवत यायचा तुमच्याकडे. ओळखत होतात ना त्याला?"

भावजींनी कुदळ खांद्यावरून खाली ठेवली.

पंचनामा वहिनींनी तिथेच, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिला. पेन इतकं दाबलं की कागद दोनदा फाटला. ताटव्याचा दोष नाही, उपटण्याचं कारण नाही. खाली सही ठोकली.

"माझं काम जाईल वहिनी. दादाला काय सांगणार?"

"दादाला मी बघते. तुम्ही कुदळ उचला. एकूण एक कंद गोळा करा, आणि हातभर खोल खड्डा खणून पुरा. मी उभी आहे इथेच."